विजेची स्कूटर : एका चार्जिंगचा खरा हिशेब

सोलापूरजवळच्या कुंभारीत २००६ साली विडी कामगार भगिनींची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. हक्काचे छप्पर मिळाले. पण काम, दवाखाना, कॉलेज यांसाठी शहर गाठणे आलेच. म्हणून हप्त्यावर विजेची स्कूटर घ्यावी, असा विचार श्रमिकांच्या घरांतही होतो. अशा कुटुंबांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, जाहिरातीतले किलोमीटर तपासणीतले असतात, रोजच्या रस्त्यावरचे नव्हेत.

बॅटरीत किती युनिट वीज मावते, हे आधी विचारावे. किलोमीटरला साधारण ३० ते ३५ वॅट-तास वीज लागते. म्हणजे २ युनिटांची बॅटरी ६० किलोमीटरच्या आसपास नेईल. डबलसीट, सामान, चढ आणि बॅटरीचे वय यांनी हा आकडा घटतो. तेव्हा रोजच्या जाण्यायेण्याच्या दुप्पट पल्ला असलेली गाडी पाहावी. गाडी वाटेत बंद पडली, तर दिवसाची मजुरी बुडते.

पल्ला वाढवणे मात्र आपल्या हाती आहे. वेग ४० च्या आसपास ठेवावा. वेगाबरोबर वाऱ्याचा अडथळा झपाट्याने वाढतो. टायरमधली हवा आठवड्याला तपासावी. ब्रेक घासत असल्यास दुरुस्त करून घ्यावा. उन्हाळ्यात गाडी सावलीत लावावी आणि आल्याआल्या चार्जिंगला न लावता अर्धा तास निवू द्यावी. बॅटरी शून्यावर आणू नये. चार्जर गाडीचाच वापरावा. दाराची वाट अडवून, सगळे झोपल्यावर चार्जिंग करू नये.

हप्ता घामाच्या पैशातून जातो. म्हणून मागे माणूस बसवून गाडी चालवून पाहावी, मगच कागदावर सही करावी.