विश्लेषण : ‘मला काहीच येत नाही’ म्हणणाऱ्या मुलांना त्यांची बलस्थाने कशी सापडतील?

सहावी-सातवीच्या वर्गात ‘तुझ्यात चांगले काय आहे?’ असे विचारले, तर काही मुले परीक्षेतील गुण सांगतात, काही क्रिकेट किंवा चित्रकलेचे नाव घेतात आणि बरीचशी खाली मान घालतात. खाली मान घालणाऱ्यांत धाकट्या भावाला रोज सांभाळून शाळेत आणणारी मुलगी असते, वर्गातले भांडण मिटवणारा मुलगा असतो आणि बंद पडलेली बॅटरी खोलून पाहणाराही असतो. यात सांगण्यासारखे काही आहे, असे त्यांना कुणी म्हटलेलेच नसते. राज्यातील शाळांच्या नोंदींमध्ये ‘विशेष प्रगती’ असा रकाना मात्र बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यातून मुलाच्या हाती काय पडते?

अकरा ते चौदा हे वय महत्त्वाचे का?

पहिलीतले मूल ‘मी खूप जोरात पळतो’ असे सहज सांगते. आठव्या-नवव्या वर्षांपासून ते स्वत:ची इतरांशी तुलना करू लागते. माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर येईपर्यंत ‘मला अपूर्णांक जमत नाहीत’ या वाक्याचे ‘मी ढ आहे’ असे होऊन बसते. म्हणजे एका विषयातील अडचण संपूर्ण स्वभावाला चिकटते. ‘एनसीईआरटी’ने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३.७९ लाख विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्यविषयक सर्वेक्षण केले. त्यात ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची प्रमुख कारणे असल्याचे सांगितले. गुणपत्रिका हाच एकमेव आरसा असेल, तर त्यात न दिसणारे गुण आपल्यात नाहीतच, असा समज या वयात पक्का होतो.

बलस्थान म्हणजे नेमके काय?

गाता येणे, वेगाने धावणे हे कौशल्य झाले. बलस्थानाचा अर्थ त्याहून व्यापक आहे. ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये स्वभावातील २४ बलस्थानांची यादी मांडली. कुतूहल, चिकाटी, प्रामाणिकपणा, दयाळूपणा, न्यायबुद्धी, विनोदबुद्धी, कृतज्ञता, संघभावना अशा गुणांचा तीत समावेश आहे. मुलांसाठी या यादीवर आधारित वेगळी प्रश्नावलीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांतही ‘स्वची जाणीव’ हे कौशल्य आहे. याद्यांचा उपयोग मुख्यत: शब्द पुरवण्यासाठी होतो. ‘हुशार’ आणि ‘गुणी’ एवढ्या दोनच शब्दांत मुलांचे वर्णन करणाऱ्या घरांना आणि शाळांना इतर गुण दिसायला त्यामुळे मदत होते.

राज्यातील शाळांत यासाठी काय सोय आहे?

राज्यात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यात गुण आणि श्रेणीबरोबर शिक्षकांनी वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात. ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ हे त्यातील रकाने शिक्षकांच्या चांगले परिचयाचे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० याच्या पुढे जाते. प्रगतिपत्रक सर्वांगीण असावे, त्यात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याने स्वत:चे आणि वर्गमित्रांनी त्याचे केलेले मूल्यमापनही असावे, असे धोरण म्हणते. सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळा भरवून मुलांना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याबरोबर काम करू द्यावे, अशीही त्यात शिफारस आहे. पुस्तकात रमत नसलेल्या मुलाचे हात, नजर आणि चिकाटी अशाच ठिकाणी दिसते.

मग अडते कुठे?

वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात आणि सत्राच्या शेवटी नोंदी पूर्ण करण्याची घाई असते. मग तयार नोंदींच्या याद्या कामी येतात. ‘वर्गात क्रियाशील असतो’, ‘सुंदर हस्ताक्षर काढते’ अशी वाक्ये एकापाठोपाठ एक उतरवली जातात. नोंदवही तपासणीसाठी तयार होते आणि कपाटात जाते. ज्याच्याबद्दल ती लिहिली, त्या मुलापर्यंत ती बहुतेकदा पोहोचत नाही. पालकसभेतही चर्चा ‘सुधारणा आवश्यक’ याच रकान्याची होते. मुलाला आपली उणीव वर्षातून अनेकदा ऐकायला मिळते, बलस्थान मात्र कागदावरच राहते.

नुसते कौतुक पुरेसे आहे का?

नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग याबाबत बोलके आहेत. कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटले गेले, तर काहींच्या मेहनतीचे कौतुक झाले. नंतर अवघड कोडी आल्यावर हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर खचली आणि पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. हुशार ठरवले गेल्यावर चुकणे म्हणजे ती ओळख गमावणे होते. ‘किती गुणी आहेस’ यापेक्षा ‘तीन वेळा चुकूनही तू आकृती पुन्हा काढलीस’ हे वाक्य म्हणूनच उपयोगी. मुलाने काय केले, हे त्यातून कळते आणि ते पुन्हा करता येते. कौतुकाने मूल डोक्यावर बसेल, ही अनेक घरांतली भीतीही अशा नेमक्या कौतुकाबाबत फारशी लागू पडत नाही.

शाळेत काय करता येईल?

पहिली पायरी प्रश्न बदलण्याची. ‘तुझी बलस्थाने लिही’ म्हटल्यावर कोरा कागद येतो. ‘गेल्या आठवड्यात अवघड वाटूनही तू काय पूर्ण केलेस?’, ‘कुणी तुझ्याकडे मदत मागितली का? कशासाठी?’, ‘काय करताना वेळ कसा गेला ते कळले नाही?’ या प्रश्नांना प्रत्येक मुलाकडे उत्तर असते. आधी प्रसंग, मग त्या प्रसंगातला गुण, असा क्रम ठेवला की मुलाला तो गुण खरा वाटतो.

दुसरी पायरी वर्गमित्रांची. ‘मी तुला हे करताना पाहिले’ अशी एका ओळीची चिठ्ठी मुले एकमेकांना लिहू शकतात. यात लाडक्या मुलांना दहा चिठ्ठ्या आणि गप्प बसणाऱ्याला एकही नाही, असे होऊ शकते. म्हणून जोड्या सोडत काढून ठरवाव्यात आणि आठवडाभर निरीक्षण करून मगच चिठ्ठी लिहायला सांगावी.

तिसरी पायरी वापराची. सापडलेले बलस्थान कच्च्या जागी कामाला लावायचे. धाकट्या भावंडाला समजावून सांगणाऱ्या मुलीने भागाकार शेजारच्या मुलाला समजावताना तिचाही पक्का होतो. वस्तू उघडून पाहणाऱ्या मुलाला विज्ञानाचा धडा प्रयोगापासून सुरू करून देता येतो. महिन्यातून एकदा वहीच्या मागच्या पानावर ‘हा गुण कुठे वापरला, कुठे कमी पडला’ अशा दोन ओळी लिहिल्या, तर वर्षाअखेरीस शिक्षकांना ‘विशेष प्रगती’ हा रकाना भरण्यासाठी तयार यादी लागत नाही. मुलाच्याच नोंदी हाताशी असतात.

पालकांनी काय करावे?

‘आज किती मिळाले?’ या रोजच्या प्रश्नासोबत ‘आज कुठे अडलास आणि मग काय केलेस?’ हे विचारता येईल. भावंडांची तुलना टाळावी. पालकसभेत शिक्षकांना ‘तिने चांगले केलेले एक काम सांगा’ अशी विनंती करावी आणि उत्तर घरी मुलीला त्याच शब्दांत सांगावे. दुसऱ्या मोठ्या माणसाने आपल्याला पाहिले, ही गोष्ट या वयात फार मोलाची असते.

धोके कोणते?

शिक्का नकारात्मकच असतो असे नाही. ‘ही समंजस आहे’ म्हटले की घरातली कामे आणि तडजोडी तिच्याच वाट्याला येतात. ‘हा विनोदी आहे’ म्हटल्यावर त्याला रडायची सोय राहत नाही. बलस्थान हे सध्याचे निरीक्षण आहे, कायमची ओळख नव्हे, हे मुलांना सांगावे लागते. एखाद्या चाचणीवरून सहावीतच करिअर ठरवणेही घाईचे ठरते.

अपेक्षाही माफक हव्यात. प्रयत्नांनी क्षमता वाढते, हे सांगणाऱ्या छोट्या उपक्रमाचा अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मागे पडलेल्या मुलांच्या निकालात सुधारणा झाली, पण ती थोडी होती आणि आव्हान स्वीकारण्याला वर्गमित्रांची साथ असलेल्या शाळांत अधिक दिसली. म्हणजे एकट्या मुलाला समजावून भागत नाही, भोवतालचा वर्गही तसा असावा लागतो. वाचता न येणाऱ्या मुलाला आधी वाचायलाच शिकवावे लागते. बलस्थानांची चर्चा हा त्याला पर्याय नाही. मूल सतत उदास असेल, शाळा टाळत असेल किंवा ‘माझा काही उपयोग नाही’ असे वारंवार म्हणत असेल, तर समुपदेशकाची मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

बाकीच्या मुलांसाठी सुरुवात छोटी आहे. ‘विशेष प्रगती’ या रकान्यात लिहिलेली ओळ सत्र संपण्याआधी त्या मुलाला वाचून दाखवायची आणि ‘हे तुला पटते का?’ असे त्याला विचारायचे.