दिवस उलटे मोजा!

दोस्तांनो, नाताळच्या सुट्टीत अंदमानच्या हॅवलॉक बेटावर (२०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप) स्कूबा डायव्हिंगचा बेत शिजतोय? मग आई-बाबांबरोबर कॅलेंडर घेऊन बसा आणि दिवस उलटे मोजा. आधी परतीच्या विमानाची तारीख. तिच्या आदल्या दिवशी बुडी नाही म्हणजे नाही!

का बरं? समुद्रात दर १० मीटर खोलीला, जमिनीवर आपल्याभोवती हवेचा असतो तेवढा दाब वाढत जातो. त्या दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. पण तुम्ही लगेच विमानात बसलात तर? तिथे हवेचा दाब कमी. सोडावॉटरची बाटली उघडल्यावर होतात ना, तसे अंगात बुडबुडे होऊ शकतात! सांधे ठणकतात, कधी जिवावरही बेततं. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास, जास्त बुड्या मारल्या तर १८ तास विमान नको.

सर्दी झाली असेल तर कान दुखतात, तेव्हा बुडीसाठी एखादा दिवस जादा ठेवा. दमा असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं.

आणि तो कोरडा दिवस? राधानगरच्या वाळूत किल्ले करा की!