हळद लावा, पण गोरं व्हायला नव्हे!

गोरं व्हायचंय? मग हे पान खुशाल उलटा. पण दिवसभर एसीत बसून हातापायांची त्वचा पापडासारखी झालीय, ओठ फुटतायत, डेडलाइनच्या आठवड्यात नेमकं चेहऱ्यावर पुरळ येतंय, असं असेल तर पाच मिनिटं थांबा. तुमच्यासाठी आयुर्वेदाकडे बरंच काही आहे.

मी आटपाडीची. माडगूळकर बंधूंचं माडगुळं ज्या तालुक्यात आहे, तो आमचा माणदेशी तालुका. पाऊस बेताचा, ऊन मात्र उदंड! त्यामुळे आमच्याकडे सावळा रंग घरोघरी. तरीही माझ्या मावसबहिणीसाठी स्थळं बघायला लागले, तेव्हा 'पोरगी चांगली आहे, पण रंग...' हे ऐकावं लागलंच. मग घरात दोन गोष्टी आल्या. एक हळदीचा डबा आणि दुसरी चिठ्ठीशिवाय मिळालेली 'गोरं करणारी' ट्यूब. थोडे दिवस चेहरा उजळला, मग लालबुंद झाला, आग व्हायला लागली. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्वचारोगतज्ज्ञांनी ते सोडवेपर्यंत काही महिने गेले. स्टेरॉइड असलेली १४ प्रकारची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारनं २०१८ मध्ये मनाई केली, ती उगाच नाही.

रंगाबद्दल चरक काय म्हणतात?

हे वाचून मी तर उडालेच! चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात शरीराचे नैसर्गिक वर्ण सांगितलेत: कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात. म्हणजे काळा, सावळा, उजळ सावळा आणि गोरा. चारही नॉर्मल! उलट विकार सुचवणाऱ्या रंगांच्या यादीत निळा, तांबडा, हिरवा यांच्या जोडीला 'शुक्ल', म्हणजे पांढराफटकही आहे. थोडक्यात, सावळेपणा हा आजारच नाही, मग त्यावर इलाज कसला?

चरकांनी औषधी वनस्पतींचे दहा-दहाचे ५० गट केलेत. त्यातल्या 'वर्ण्य', म्हणजे कांती सुधारणाऱ्या गटात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा आहेत. हळद? ती तिथे नाहीच! ती आहे 'कुष्ठघ्न' गटात, म्हणजे त्वचाविकारांवरच्या औषधांत. पुढे भावप्रकाशात हळदीला वर्ण्य म्हटलंय खरं, पण त्याच दमात ती रूक्ष आणि उष्ण असल्याचंही सांगितलंय. म्हणून कोरड्या त्वचेवर नुसती हळद थापली, तर त्वचा आणखी ओढल्यासारखी होणार. सोबत साय किंवा तेल हवंच.

सांगलीचं पिवळं सोनं

हळद म्हटलं की आम्हा सांगलीकरांची कॉलर ताठ होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी, १९९५ मध्ये, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं होतं. आपल्या आज्या पिढ्यान् पिढ्या करत आल्या तेच! डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. एक टिप: भेसळीची भीती वाटत असेल, तर सुटी पूड घेण्यापेक्षा हळकुंडं आणून दळून घ्या.

तुमचा वीकएंड प्लॅन

तेल: वाग्भटांनी रोज अभ्यंग सांगितलाय. त्यानं थकवा जातो, झोप चांगली लागते, त्वचा छान राहते. रोज जमत नाही? निदान डोकं, कान आणि तळपाय सोडू नका, असं तेच सांगतात. तिळाचं तेल कोमट करा, दहा-पंधरा मिनिटं चोळा, मग आंघोळ. मात्र कफ झाला असेल किंवा अपचन असेल, तर अभ्यंगाला सुट्टी.

उटणं: ते काय फक्त दिवाळीतच लावायचं असतं? दोन चमचे मसुरीचं पीठ, चिमूटभर हळद, कोरड्या त्वचेला साय. तेलकट त्वचेला साय नको, गुलाबपाणी चालेल. आमच्याकडे डाळिंबं मुबलक. तुरट साल वाळवून, कुटून आजी तेलकट त्वचेच्या उटण्यात घालते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस वाट बघा. खाज आली तर विषय संपला.

झोप: रात्रीच्या जागरणानं शरीरात रूक्षता वाढते, हे वाग्भटांनी नाइट शिफ्टच्या कितीतरी आधी लिहून ठेवलंय! महागड्या नाइट क्रीमआधी नाइटचं बघा.

खाणं: दूध आणि मासे एकत्र नकोत, असं चरक बजावतात. असा विरुद्ध आहार त्यांनी त्वचाविकारांच्या कारणांत धरलाय.

चट्टे, सतत खाज, पिकणारे फोड असतील तर घरगुती प्रयोग थांबवा. नोंदणीकृत वैद्य किंवा त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आणि स्टेरॉइडची ट्यूब सुरू असेल, तर ती मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच सोडा.

बाकी, पार्लरमध्ये कुणी 'टॅन काढू का?' असं विचारलं, तर हसून सांगा, 'टॅन राहू दे हो, तेवढी डोक्याला तेलाची मालीश करून द्या!'