रात्रीं यंत्र, दिवसां पेंग

घोरणें हा आपल्या घरांतून फार दिवस विनोदाचा विषय होऊन राहिला आहे. जो घोरतो त्याची झोंप गाढ, असा एक समज. आणि तोच मनुष्य दिवसां पेंगूं लागला कीं तो आळशी, असा दुसरा. हे दोन्ही समज एकाच माणसाच्या माथीं मारतांना त्यांतील विसंगति सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्याला रात्रभर गाढ झोंप लागली, त्यानें दुपारीं कचेरींतील टेबलावर मान कां टाकावी? वैद्यकशास्त्रानेंही हा प्रश्न उशिरांच विचारला. चार्लस् डिकन्स या इंग्रज कादंबरीकारानें १८३६-३७ सालीं ‘पिक्विक पेपर्स’मध्यें ज्यो नांवाचा एक लठ्ठ व सदा पेंगणारा पोरगा रंगविला. त्यावर वाचक शंभर वर्षें हंसले. १९५६ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं अतिस्थूल व पेंगणाऱ्या रुग्णांच्या एका विकाराला त्या कादंबरीचें नांव दिलें. आणि १९६५ सालीं फ्रान्समधील व जर्मनींतील संशोधकांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, झोंपलेल्या रुग्णांचा श्वासोच्छ्वास यंत्रावर टिपून पाहिला, तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला. हीं माणसें रात्रभर स्वस्थ झोंपत नव्हतींच. तीं रात्रभर श्वासासाठीं झगडत होतीं.

या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोंपेंत श्वास खुंटणें हा त्याचा सरळ अर्थ. घशाच्या वरच्या भागाला छातीसारखा हाडांचा पिंजरा नाहीं. तो भाग मऊ स्नायूंनीं बनलेला आहे व जागेपणीं ते स्नायु ताठ राहून वाट मोकळी ठेवतात. झोंप लागली कीं ते सैल पडतात. ज्याचा घसा मुळांतच अरुंद, किंवा ज्याच्या मानेवर चरबी साठलेली, त्याच्या जिभेचें मूळ व मऊ टाळू मागें कलून वाट बंद होते. छाती भात्यासारखी हालत राहते, पण हवा आंत जात नाहीं. दहा सेकंद, वीस सेकंद, कधीं त्याहूनही अधिक. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदु दचकतो, मनुष्य क्षणभर जागा होऊन मोठ्यानें घोरत श्वास ओढतो आणि पुन्हां झोंपीं जातो. सकाळीं त्याला यांतलें कांहींच आठवत नाहीं. असे प्रसंग तासाला ५ ते १५ असले तर विकार सौम्य, १५ ते ३० असले तर मध्यम, आणि ३० च्या वर गेले तर तीव्र समजतात. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनीं एक. एखाद्या मुलाला गणित घालावें आणि दर दोन मिनिटांनीं त्याची पाटी पुसून टाकावी. रात्र संपली तरी उत्तर निघणार नाहीं. या झोंपेचें तसेंच होतें. आपल्या देशांत हा विकार विरळा आहे असेंही नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत भारतांतील प्रौढांपैकीं शेंकडा ११ जणांना तो असावा असा अंदाज दिलेला आहे. पुरुषांत शेंकडा १३, स्त्रियांत ५.

त्यावर जो उपाय आज सर्वत्र रूढ आहे तो १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पांच रुग्णांवर केलेल्या प्रयोगांतून निघाला. ओल्या कागदाच्या नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात. पण आंत सतत फुंकर घातली तर त्या दूर राहतात. सीपॅप नांवाचें यंत्र एवढेंच करतें. नाकावर बसविलेल्या मास्कमधून तें ठराविक दाबानें हवा सोडीत राहतें व घसा मिटूं देत नाहीं. यंत्रांतून प्राणवायु मिळतो अशी पुष्कळांची समजूत आहे, ती चुकीची. हवा खोलींतलीच असते, फक्त दाब यंत्राचा. पुष्कळांना या उपायाचा गुण पहिल्या आठवड्यांतच येतो. डोळ्यांवरचा पडदा दूर व्हावा तसें त्यांना वाटतें. परंतु सर्वांनाच तसें वाटत नाहीं, आणि प्रश्न आहे तो या उरलेल्यांचा.

पन्नाशी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. वर्षभर तो नेमानें यंत्र लावीत आहे. घोरणें थांबलें, शेजारीं झोंपणाऱ्या पत्नीला कित्येक वर्षांनीं स्वस्थ झोंप मिळूं लागली. तपासणींत तासाचे अडथळे तीसवरून तीनवर आले. आणि तरीही दुपारचे तीन वाजले कीं त्याच्या डोळ्यांवर झापड येते, हातांतलें वर्तमानपत्र गळून पडतें, कोणी बोलत असतां वाक्याचा शेवट ऐकूं येत नाहीं. पूर्वीं निदान रोगाचें कारण सांगतां येत होतें, आतां घरचींच माणसें म्हणतात, “यंत्र आहे ना, मग आतां कसली झोंप?” डॉक्टर अंक पाहून समाधान व्यक्त करतात. शेवटीं त्या गृहस्थाची खात्री पटते कीं एक तर यंत्र फुकट आहे, नाहीं तर आपणच नादान आहोंत. पहिली समजूत झाली तर यंत्र कपाटावर जातें आणि रोग परत येतो. दुसरी झाली तर तो मुकाट्यानें सोसतो. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

प्रथम तक्रारीचें नांव नीट ठरवावें. मराठींत याला शब्दांची वाण नाहीं, पण आपण ते सरमिसळ वापरतों. पेंग, झापड, डुलकी हे शब्द झोंपेचे आहेत. थकवा, शिणवटा, मरगळ हे शक्तीचे आहेत. दुपारीं अंधाऱ्या खोलींत आडवें होतांच ज्याला पांचसात मिनिटांत झोंप लागते त्याची तक्रार पेंगेची. जो अंग मोडून पडतो पण टक्क जागा राहतो त्याची तक्रार थकव्याची, आणि तिचें मूळ बहुधा निराळें असतें. पेंग मोजण्यासाठीं १९९१ सालीं मेलबर्नमधील डॉ. मरे जॉन्स यांनीं आठ प्रश्नांची एक सोपी कसोटी केली. तेथील एका रुग्णालयाच्या नांवावरून तिला एपवर्थ मापन म्हणतात. वाचतांना, टेलिव्हिजन पाहतांना, दुपारीं आडवें झालें असतां, कोणाशीं बोलत बसलें असतां डुलकी लागण्याचा संभव किती, याला प्रत्येकीं शून्य ते तीन गुण द्यावयाचे. एकूण २४ पैकीं १० पेक्षां अधिक झाले तर पेंग प्रमाणाबाहेर समजावी. पुरणपोळीच्या जेवणानंतर येणारी डुलकी मात्र कोणी या खात्यांत धरूं नये.

पेंग खरी ठरली तर पहिला प्रश्न तासांचा. रात्रीं चार तास, आणि तेही दहांतून सात रात्रीं, यंत्र वापरलें म्हणजे वापर पुरेसा, असा एक दंडक सर्वत्र ऐकूं येतो. अमेरिकेंतील सरकारी विमा योजनेनें यंत्राचे पैसे द्यावे कीं न द्यावे हें ठरविण्यासाठीं लावलेला तो निकष आहे. उत्तीर्ण होण्यापुरते गुण आणि विषय येणें यांत जें अंतर, तेंच येथेंही आहे. २००७ सालीं टेरी वीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं ‘मला झोंप येते’ ही भावना सुमारें चार तासांच्या वापरानें निवळूं शकते. प्रत्यक्ष कसोटींतील जागेपणा सुधारण्यास सहा तास लागतात. आणि दिवसाचीं कामें पूर्ववत् होण्यास साडेसात तासांपर्यंत वापर लागतो. चारपांच तासांवर थांबणाऱ्याचें नेमकें काय निसटतें, हेंही समजून घेण्यासारखें आहे. आपली झोंप सारखी एकाच पोताची नसते. जिच्यांत स्वप्नें पडतात ती झोंप पहाटेच्या प्रहरीं अधिक असते, आणि नेमकें त्याच वेळीं शरीराचे स्नायु सर्वांत सैल असतात. म्हणजे घसा मिटण्याचा धोका पहाटे सर्वांत मोठा. तीनच्या सुमारास पाणी प्यावयास उठून जो मास्क पुन्हां लावीत नाहीं, त्यानें बिनपावसाच्या दिवशीं छत्री धरून पावसांत ती मिटल्यासारखें होतें.

पहांटेपर्यंत मास्क नाकावर असला म्हणून हवा घशांत पोंचतेच असें नाहीं. मास्क सैल असला, दाढीमिशांमुळें नीट बसला नाहीं, किंवा झोंपेंत तोंड उघडें राहिलें तर हवा बाहेरच्या बाहेर निसटते. नाक चोंदलेलें असेल तर मनुष्य नकळत मास्क ओढून टाकतो. धुळीच्या शहरांत यंत्राची गाळणी लवकर भरते. वीज गेली कीं यंत्र थांबतें, ही तर आपल्याकडची रोजची गोष्ट. दाब चारपांच वर्षांपूर्वीं ठरविलेला असून मध्यंतरीं दहा किलो वजन वाढलें असेल तर तो दाब अपुरा पडूं शकतो. कांहींजणांत घसा मोकळा होतो, पण श्वास घेण्याची मेंदूकडून येणारी आज्ञाच मधून मधून थांबते. हा प्रकार यंत्र सुरू केल्यावर दिसूं लागतो व बहुतेकांत कांहीं आठवड्यांत आपोआप निवळतो, पण सर्वांतच नव्हे. या सर्वांचा हिशेब आजच्या यंत्रांत नोंदलेला असतो. वापराचे तास, गळती, उरलेले अडथळे, सारें त्यांत मिळतें. आश्चर्य हें कीं विकत घेतल्यापासून हा हिशेब एकदांही न पाहिलेले लोक पुष्कळ सांपडतात.

हिशेब चोख निघाला तर यंत्राला दोष देणें सोडून इतरत्र पाहावें. सर्वांत साधें कारण सर्वांत शेवटीं सुचतें : झोंपच कमी. रात्रीं बारा वाजतां निजून पहाटे साडेपांचला लोकल गांठण्यासाठीं उठणाऱ्या माणसाला कोणतेंही यंत्र सातवा तास देऊं शकत नाहीं. सर्दीच्या व ॲलर्जीच्या कांहीं गोळ्या, मनःशांतीसाठीं दिलेलीं औषधें, रात्रीचें मद्य, यांनीं दुसऱ्या दिवशीं गुंगी राहते. थायरॉइड ग्रंथीचें मांद्य, मधुमेह, रक्तांतील हिमोग्लोबिनची कमतरता यांचा थकवा हुबेहूब असाच वाटतो. शाकाहारी घरांतून बी-१२ जीवनसत्त्व कमी असणें तर नित्याचेंच. लोहाची उणीव असली कीं अंथरुणावर पडतांच पाय वळवळूं लागतात व हालविल्याशिवाय राहवत नाहीं. हा स्वतंत्र विकार आहे आणि त्यावर उपाय आहे. मनाच्या औदासीन्याचा रोगही येथें विसरतां कामा नये. तो पुरुषांत पुष्कळदां रडण्याच्या रूपानें न येतां ‘मला थकवा आहे’ या वाक्यानें येतो, आणि घरांत त्याविषयीं बोलणें कोणालाच सोयीचें वाटत नसल्यामुळें वर्षेंच्या वर्षें तसाच राहतो.

इतकें सगळें चाळून झालें तरी कांहीं माणसें उरतात. फ्रान्समध्यें यंत्र नीट वापरणाऱ्या ५०२ रुग्णांची पाहणी झाली, ती २००९ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांत शेंकडा १२ जणांची पेंग कायम होती. औदासीन्य, पायांची वळवळ व नार्कोलेप्सी हा झोंपेचा दुसरा रोग हीं कारणें वगळल्यावरही शेंकडा सहा उरलेच. यांचें कारण काय? अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत सिग्रिड व्हेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांना आठवडेच्या आठवडे पुन्हां पुन्हां कमी प्राणवायूंत ठेवून पाहिलें. मेंदूंतील ज्या पेशी प्राण्याला जागें ठेवतात त्यांतील कांहींना त्यामुळें इजा झाली, आणि चांगली हवा परत मिळाल्यावरही त्या उंदरांचा जागेपणा पूर्ववत् झाला नाहीं. उंदरावरून माणसाचें अनुमान बेतानेंच करावें. तथापि ज्याचा विकार दहापंधरा वर्षें अंगांत राहून मग ओळखला गेला, त्याच्या जागेपणाच्या तंत्रालाच धक्का बसला असावा, ही शंका निराधार नाहीं. तसें असेल तर अशा माणसाला आळशी म्हणणें हें लंगड्याला मंदगति म्हणून हिणविण्यासारखें होईल.

अशांसाठीं जागें ठेवणारीं औषधें आहेत. मोडाफिनिलला अमेरिकेनें या कामासाठीं २००४ सालीं मान्यता दिली. युरोपच्या औषध-नियामक संस्थेनें मात्र २०१० सालीं, धोके व लाभ तोलून, तें नार्कोलेप्सीपुरतेंच ठेवावें अशी शिफारस केली. सॉल्रिअम्फेटॉल हें दुसरें औषध अमेरिकेंत २०१९ सालीं मान्य झालें. त्यानें रक्तदाब वाढूं शकतो. दोन जाणत्या संस्थांचीं मतें अशीं भिन्न पडतात, त्यावरूनच हीं औषधें शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दुकानांतून आणावयाचीं नव्हेत हें उघड आहे. शिवाय तीं डोळे उघडे ठेवतात, घसा नव्हे. औषध सुरू झालें म्हणून यंत्र सोडणाऱ्याचा रक्तदाब व हृदय यांवरील भार पूर्वीं होता तिथेंच येतो, फक्त त्याची जाणीव देणारी पेंग तेवढी नाहींशी होते.

ज्याची पेंग अद्याप गेली नाहीं त्यानें मोटार चालवूं नये, विशेषतः मुंबई-पुणें द्रुतगति मार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर. खिडकी उघडणें, रेडिओ मोठा करणें, चहा घेणें हे उपाय घटकाभराचे. डुलकी तीनचार सेकंदांची असते आणि ताशी शंभर किलोमीटर वेगानें तेवढ्या वेळांत गाडी शंभर मीटर पुढें गेलेली असते.

डॉक्टरांकडे पुन्हां जावयाचें झाल्यास रिकाम्या हातानें जाऊं नये. चौदा दिवस एक वही ठेवावी. निजण्याची वेळ, उठण्याची वेळ, मास्क कितीला लावला व कितीला निघाला, दिवसां पेंग कोणत्या वेळीं आली, कोणत्या गोळ्या घेतल्या. यंत्राच्या नोंदीचा कागद सोबत असावा. शक्य असेल तर पत्नीला किंवा पतीला बरोबर न्यावें. झोंपेंत पाय झटकतात कीं काय, तोंड उघडें राहतें कीं काय, हें झोंपणाऱ्याला ठाऊक नसतें, तें शेजारच्याला ठाऊक असतें.