गर्भस्थ बाळाच्या फुफ्फुसातील दोष : निदान व उपचार

गरोदरपणाच्या १८ ते २० आठवड्यांत होणाऱ्या सोनोग्राफीत बाळाच्या छातीत दोष आढळल्याचे समजताच कुटुंबीयांचा धीर खचतो. परंतु दोष दिसला म्हणजे आशा संपली, असे नव्हे. ही बाब देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या नातेवाइकांसमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या दोषांपैकी दोन येथे विचारात घेऊ. पहिल्यात फुफ्फुसाच्या एखाद्या भागात पाण्याने भरलेल्या पुटी अथवा घट्ट गाठ तयार होते. तज्ज्ञ तिला ‘सीपॅम’ म्हणतात. गाठीचे आकारमान व बाळाच्या डोक्याचा घेर यांचे गुणोत्तर १.६ हून अधिक असल्यास हृदयावर दाब येऊन बाळाच्या अंगात पाणी साठण्याचा धोका वाढतो. अशा वेळी मातेस बीटामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शने दिली जातात. बहुतेक गाठींची वाढ २८ व्या आठवड्याच्या सुमारास मंदावते, काही आकसतातही. जन्मानंतर सीटी स्कॅन करून शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात.

दुसरा दोष अधिक गंभीर. श्वासपटलास जन्मजात छिद्र राहिल्याने आतडी, काही वेळा यकृतही छातीत शिरते आणि फुफ्फुसास वाढण्यास जागा उरत नाही. डाव्या बाजूचा दोष तीव्र असल्यास मोजक्या केंद्रांत २७ ते २९ आठवड्यांत दुर्बिणीद्वारे बाळाच्या श्वासनलिकेत लहानसा फुगा बसवितात व ३४ व्या आठवड्यात काढतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या उपचाराने ४० टक्के बाळे जगून घरी गेली. उपचाराविना हे प्रमाण १५ टक्के होते. मात्र त्यामुळे मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो.

गर्भाशयातील उपचारांची गरज थोड्यांनाच भासते. बहुसंख्य कुटुंबांपुढील खरा प्रश्न प्रसूती कोठे करावी, हाच असतो. श्वासपटलाचा दोष असलेल्या बाळास जन्मताच मास्कने हवा दिल्यास ती जठरात व आतड्यांत भरून फुफ्फुसावरील दाब वाढतो. म्हणून थेट श्वासनलिकेत नळी घालावी लागते. ही तयारी आधी निदान झाले असेल तरच शक्य होते. बाळाची प्रकृती स्थिरावल्यावरच शस्त्रक्रिया करतात. तोवर व्हेंटिलेटर व अनुभवी परिचारिका हाच त्याचा आधार.

म्हणूनच ही तपासणी कोणीही टाळू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.