रेड नियंत्रक निकामी झाल्यावर माहितीची पुनर्प्राप्ती

पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या रेड रचनेच्या पाचव्या प्रकारात माहितीचे व समतेचे पट्टे सर्व डिस्कांवर आळीपाळीने विखुरलेले असतात. नियंत्रक कार्ड निकामी झाले तरी प्रवेश व निकालांच्या नोंदी डिस्कांवर बहुतांशी शाबूत असतात. तुटतो तो डिस्कांचा क्रम, पट्ट्याचा आकार आणि समतेचे स्थान जाणणारा दुवा. खरी हानी बहुधा नंतरच्या घाईत होते. नव्या कार्डावर ‘इनिशिअलाइज’ची आज्ञा दिल्यास जुने पट्टे पुसले जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक डिस्कवर तिच्या खाचेचा क्रमांक लिहून प्रथम सेक्टरनिहाय प्रत घ्यावी व जुळणीचे प्रयोग प्रतींवरच करावेत. जुळणी चुकल्यास पट्ट्याहून लहान फाइल कधी कधी उघडते, मोठी मात्र बिघडलेली निघते. त्यामुळे कसोटी मोठ्या फाइलवरच घ्यावी.