जुना संगणक पुन्हां सुरू करतांना



नांदेड-लातूरकडील पुष्कळ सुशिक्षित घरांत, माळ्यावर किंवा पलंगाखालीं, विसाव्या शतकाच्या अखेरीस घेतलेला एखादा संगणक धूळ खात पडलेला असतो. तो भंगारांत द्यावा असें मुलांस वाटतें, आणि वडिलांस तो देववत नाहीं. या वादांत एक गोष्ट बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती ही कीं, त्या पेटीची किंमत तिच्या पत्र्यांत नसून तिच्या पोटांत सांठविलेल्या मजकुरांत आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामांत भाग घेतलेल्या आजोबांच्या आठवणी, सप्टेंबर १९९३ मधील किल्लारीच्या भूकंपाचें कोणी लिहून ठेवलेलें वर्णन, घराण्याची वंशावळ, असें लेखन त्या काळीं अशा यंत्रांवर टंकित झालें असेल, आणि तेथेंच राहिलें असेल. तें बाहेर काढण्यासाठीं जुनें यंत्र पुन्हां कसें सज्ज करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

येथें कोणी विचारील, ती फाइल आजच्या संगणकावर उघडली म्हणजे झालें. हा खटाटोप कशाला? शंका रास्त आहे. संगणक अक्षर ओळखत नाहीं, अंक ओळखतो. कोणत्या अक्षरास कोणता अंक, हें माणसास ठरवावें लागतें. आज युनिकोड या जागतिक संकेतानुसार ‘क’ चा अंक २३२५ आहे, व तो नांदेडांत आहे तसाच न्यूयॉर्कमध्येंहि आहे. परंतु विंडोज ९५ व विंडोज ९८ या प्रणालींत देवनागरीची अशी सोय नव्हती; मायक्रोसॉफ्टनें ती विंडोज २००० मध्यें प्रथम आणली. तोंपर्यंत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपि, किंवा १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या प्रणाली, यांवर मराठीचें काम चाले. अशा फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, रफार, अर्धा स, बसविलेले असत. फॉन्ट असेल तर मजकूर मराठी. नसेल तर त्याच ओळींत निरर्थक रोमन अक्षरांची गर्दी. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. मोडी न येणाऱ्यापुढें वतनाचें जुनें दप्तर उघडावें, तशांतला हा प्रकार.

मूळ फॉन्ट हातीं असल्यास कांहीं फाइली नव्या यंत्रावरहि वाचतां येतात. परंतु जेथें लेखन-प्रणालीनें मजकूर आपल्याच साच्यांत ठेवला आहे, किंवा ती प्रणाली यंत्राच्या पाठीमागें लावावयाच्या डोंगल नांवाच्या लहानशा कुलपाविना चालतच नाहीं, तेथें जुन्या यंत्राचाच आश्रय घ्यावा लागतो.

आतां कृतीकडे वळूं. वीज लावण्याची घाई करूं नये. प्रथम पेटी उघडून मऊ ब्रशानें धूळ काढावी. मदरबोर्डवर एक लहान सेल असतो. दिनांक व यंत्राची मांडणी तो ध्यानांत ठेवतो. नाण्यासारखा चपटा, ३ व्होल्टचा असेल तर नवा घालावा. फार जुन्या यंत्रांत नळकांड्याच्या आकाराची बॅटरी असते; ती गळून बोर्डावरील तारा खाते, म्हणून ती जाणत्याकडून काढवून घ्यावी. कोठें फुगलेले कपॅसिटर दिसले तर यंत्र दुरुस्तीस द्यावें. पाठीमागील विजेची कळ ११५ वर असेल तर ती २३० वर आणावी. आपल्याकडील विजेचा लहरीपणा ध्यानांत घेऊन यूपीएस लावणें शहाणपणाचें.

यापुढचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या हार्ड डिस्कवर जुना मजकूर आहे, तिच्यावर नवी प्रणाली कदापि बसवूं नये. कारण फॉरमॅट ही आज्ञा सारवलेल्या भिंतीसारखी आहे, खालचें चित्र पुन्हां दिसेल याची शाश्वती नाहीं. ती डिस्क अलगद काढून, बाजारांत मिळणाऱ्या जोडणीनें आजच्या संगणकास लावावी व तिची संपूर्ण नक्कल करून घ्यावी. नक्कल झाल्यावर मूळ डिस्क कपाटांत जाऊं द्यावी.

जुन्या यंत्रांत तिच्या जागीं दुसरी डिस्क, किंवा जोडणी लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवावें. नंतर विंडोज ९८ ची स्टार्टअप फ्लॉपी घालून यंत्र सुरू करावें. एफडिस्क या आज्ञेनें डिस्कची वांटणी होते. मोठ्या डिस्कची सोय हवी काय, असें ती विचारते; होकार द्यावा, नाहींतर २ गिगाबाइटांपेक्षां मोठा भाग करतां येत नाहीं. यंत्र एकदां बंद करून पुन्हां सुरू करावें, मग सी भाग फॉरमॅट करावा, आणि सीडीवरील सेटअप चालवावा. सीडीबरोबर मिळालेला परवाना-क्रमांक जवळ असावा. रॅम ५१२ मेगाबाइटांहून अधिक असूं नये. अधिक स्मृति या प्रणालीस झेपत नाहीं. त्यानंतर मदरबोर्डचे व पडद्याचे ड्रायव्हर, आणि शेवटीं मराठी लेखन-प्रणाली, असा क्रम ठेवावा. हें यंत्र इंटरनेटला मात्र जोडूं नये. विंडोज ९८ ची देखभाल मायक्रोसॉफ्टनें जुलै २००६ मध्येंच थांबविली आहे.

आतां नक्कल केलेल्या फाइली या यंत्रावर आणून उघडाव्या. अक्षरें नीट दिसलीं कीं प्रथम छापून घ्यावीं, मग परिवर्तक प्रणालीनें युनिकोडमध्यें न्यावीं. येथें डोळ्यांत तेल घालून तपासणी हवी. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं टंकित होई व रफार मागाहून. युनिकोडचा क्रम याच्या उलट आहे. या अदलाबदलींत ‘धर्म’, ‘कार्तिक’, ‘स्थिति’ यांसारखे शब्द हटकून बिघडतात. म्हणून छापील प्रत शेजारीं ठेवून एकानें वाचावें व दुसऱ्यानें पडद्यावर पाहावें.

शेवटीं सिद्ध झालेल्या मजकुराच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. एक नांदेडांत असेल तर दुसरी लातुरांत. हें काम सुटीच्या चार दिवसांत होण्यासारखें आहे, पण तें फार काळ लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. डिस्कचें आयुष्य सरत असतें, आणि तो मजकूर कोणत्या फॉन्टांत लिहिला होता हें सांगणारीं माणसेंहि कायमचीं नसतात. तीं आहेत तोंवर त्यांस विचारून घ्यावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.